मशीनमधले धोके कसे शोधायचे: कामाच्या जागेवरच्या यंत्रांची सुरक्षा तपासणी

मशीनची सुरक्षा तपासायला बहुतेक जण ती सुरळीत चालू असताना जातात. गार्ड जागेवर असतं, ऑपरेटर नीट उभा असतो, इमर्जन्सी स्टॉपचं बटण दिसतं. फॉर्मवर बरोबरच्या खुणा होतात आणि तपासणी उरकते. पण मशीनमध्ये हात जातो तो वेगळ्याच वेळी. जॉब (ज्यावर काम चालू आहे तो तुकडा) अडकला, रोलरला माल चिकटला, नवी डाय (साचा) बसवायची आहे, शिफ्ट संपताना कीस काढायचा आहे, बेल्टचा ताण बघायचा आहे, अशा वेळी. म्हणून प्रत्येक मशीनपुढे उभं राहून आधी एकच प्रश्न विचारायचा: इथे माणसाचा हात, डोकं किंवा कपडा आत केव्हा जातो आणि कशासाठी? पुढची सगळी तपासणी या प्रश्नाच्या उत्तरावर उभी राहते.

जाण्याआधीची तयारी

आधी मशीनची यादी करा. प्रत्येक मशीनची नोंद वेगळी हवी. एकाच मॉडेलची दोन मशीन शेजारी असली तरी त्यांतल्या एकाचं गार्ड मध्येच कधीतरी कापलेलं असू शकतं. मोठी मशीन यादीत आपोआप येतात. राहून जातात ती कोपऱ्यातला ग्राइंडर, कॉम्प्रेसर, होइस्ट, पॅकिंगचा छोटा कन्व्हेयर आणि मेंटेनन्सच्या खोलीतलं ड्रिल मशीन. या यंत्रांवर कुणा एकाची जबाबदारी नसते, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

कागदांपैकी मॅन्युअल, वायरिंगचा नकाशा आणि अपघातांची नोंदवही हवीच. सर्वांत उपयोगी मात्र बिघाडाची वही असते. महिन्यातून अनेकदा 'फीड जॅम' अशी नोंद दिसत असेल, तर तेवढ्या वेळा कुणीतरी त्या जागी हात घातला आहे हे उघड आहे.

सोबत स्टील टेप, व्हर्नियर, टॉर्च, ध्वनिमापक आणि स्लो-मोशन व्हिडिओ घेता येईल असा मोबाइल ठेवा. सैल बाह्या, ओढणी, अंगठी, गळ्यातलं ओळखपत्र तपासणाऱ्याच्याही अंगावर नको.

माणसं तीन प्रकारची लागतात: रोज मशीन चालवणारा, दुरुस्ती करणारा आणि साफसफाई करणारा. सुपरवायझरसमोर ऑपरेटरला 'गार्ड काढता का?' असं विचारलं तर 'नाही' हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी मशीन बंद करून विचारा, 'जॉब अडकला तर काय करता, जरा दाखवा.' हात आपोआप योग्य जागी जातो आणि तुम्हाला हवी असलेली माहिती मिळते. शक्य असेल तर रात्रपाळीतही हेच विचारा. मेंटेनन्सचा माणूस हजर नसताना काय जुगाड केले जातात, ते तिथे कळतं.

हलणारे भाग: कुठे काय होऊ शकतं

मशीनभोवती पूर्ण फेरी मारा. मागची बाजू, खालची बाजू आणि माथाही बघा. हलणाऱ्या प्रत्येक भागाजवळ थांबून तो काय करू शकतो ते ठरवा: चिरडणं, कातरणं, कापणं, गुंडाळून घेणं, आत ओढणं, आदळणं, भोसकणं किंवा घासणं.

आत ओढणारी जागा नवख्याला चटकन दिसत नाही. समोरासमोर फिरणारे दोन रोलर, बेल्ट आणि पुली, चेन आणि स्प्रॉकेट, गियरची जोडी, यांत दोन पृष्ठभाग जिथे एकमेकांकडे येतात ती बाजू धोक्याची. फिरण्याची दिशा खडूने बाण काढून दाखवा, म्हणजे ओढणारी बाजू कोणती ते दिसेल. मशीन उलटही फिरत असेल तर दोन्ही बाजू धरायच्या. कन्व्हेयरच्या शेपटाकडची पुली इथे सर्वांत फसवी असते. तिचा वेग कमी असतो, म्हणून कुणी घाबरत नाही. पण चालू बेल्टखालचा सांडलेला माल काढताना झाडू किंवा बाही त्यात जाते आणि माणूस ती सोडण्याआधी हात आत गेलेला असतो.

गुंडाळण्याचा धोका गुळगुळीत शाफ्टलाही असतो. नुसता गोल शाफ्ट निरुपद्रवी वाटतो, पण केस किंवा सुटा धागा त्यावर एकदा चढला की पुढचे वेढे पडत जातात. ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नयेत, याचंही कारण हेच. मोज्याचं टोक ड्रिलला किंवा चकला अडकलं की अख्खा हात फिरवला जातो. कीस हातानं काढायचा नाही. ब्रश किंवा हुक वापरायचा, तोही मशीन थांबवून.

हलता भाग आणि भिंत, खांब किंवा शेजारचं मशीन यांतलं अंतरही मोजा. चिरडण्याचा धोका टाळण्यासाठी आयएसओ 13854 या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये किमान मोकळी जागा दिली आहे: बोटासाठी 25 मिलिमीटर, हाताच्या पंजासाठी 100, दंडासाठी 120, पायासाठी 180, डोक्यासाठी 300 आणि अंगासाठी 500. पुढेमागे सरकणारा टेबल भिंतीपासून 350 मिलिमीटरवर थांबत असेल, तर त्या फटीत उभ्या माणसाला जागा नाही. मशीन बसवताना कुणी हे अंतर बघत नाही.

गार्ड पुरेसं आहे का, हे टेपने ठरवा

गार्ड 'आहे' एवढी नोंद पुरत नाही. जाळीच्या भोकातून बोट आत जातं का, आणि गेलं तर धोक्यापर्यंत पोहोचतं का, हे मोजावं लागतं. आयएसओ 13857 मधली 14 वर्षांवरच्या व्यक्तींसाठीची अंतरं अशी. 10 मिलिमीटर रुंदीची लांब फट असेल तर धोकादायक भाग किमान 80 मिलिमीटर आत हवा. फट 20 मिलिमीटर असेल तर 120. चौकोनी भोक 40 मिलिमीटरचं असेल तर 200. लांब फट 20 मिलिमीटरच्या पुढे गेली की अख्खा हात आत जातो, म्हणून अंतर थेट 850 होतं. तेव्हा 35 मिलिमीटरची फट आणि पुली 300 मिलिमीटरवर असेल, तर ते गार्ड दिसायला कितीही मजबूत असो, अपुरं आहे.

वर लटकणाऱ्या, गार्ड नसलेल्या भागांची उंचीही बघा. धोका कमी असेल तर हलता भाग जमिनीपासून किमान 2500 मिलिमीटरवर, जास्त असेल तर 2700 मिलिमीटरवर हवा. मोजताना माणूस प्रत्यक्ष जिथे उभा राहतो तिथून मोजा. पायऱ्या, प्लॅटफॉर्म किंवा पॅलेटवर चढायची सवय असेल, तर उंची तिथूनच धरायची.

स्थिर गार्ड अवजाराशिवाय निघता कामा नये. चार स्क्रूंपैकी दोनच उरले असतील किंवा त्यांच्या जागी विंगनट आले असतील, तर गार्ड वारंवार काढावं लागतं असा त्याचा अर्थ. का काढावं लागतं ते शोधा. पुष्कळदा आत एक ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, असतं. ते नळीने बाहेर आणलं की प्रश्न मिटतो. आत काय चाललंय ते दिसत नाही म्हणूनही गार्ड काढलं जातं. जाळीला मॅट काळा रंग दिला तर आतलं बरंच स्पष्ट दिसतं. पिवळ्या जाळीवर नजर अडकते.

थांबायला किती वेळ लागतो

दार उघडल्यावर वीज तुटते, पण ब्लेड फिरतच राहतं. हा वेळ मोजल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. शाफ्टवर चुन्याची किंवा टेपची खूण करा, मशीन पूर्ण वेगात आणा, स्टॉप दाबण्यापासून खूण थांबेपर्यंत स्लो-मोशन व्हिडिओ घ्या आणि फ्रेम मोजा. किमान पाच वेळा मोजून सर्वांत जास्त वेळ धरा, सरासरी नको. माणूस दार उघडून धोक्यापर्यंत पोहोचण्याआधी मशीन थांबत नसेल, तर नुसता इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच मशीन बंद करणारा स्विच, पुरत नाही. गती थांबेपर्यंत दार कुलूपबंद ठेवणारा इंटरलॉक लागतो. प्रेसच्या थांबण्यासारख्या सेकंदाच्या अंशातल्या वेळांना मोबाइलचं मापन फक्त अंदाजापुरतं. तिथे थांबण्याचा वेळ मोजणारं उपकरणच लावावं.

प्रकाशपडदा (किरणांच्या आड हात आला की मशीन थांबवणारा सेन्सर) असलेल्या मशीनवर हिशेब आणखी काटेकोर आहे. आयएसओ 13855 प्रमाणे पडदा धोक्यापासून किती दूर हवा, हे हाताच्या वेगावरून ठरतं. जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला 2000 मिलिमीटर धरतात. पडद्याचा प्रतिसाद आणि मशीन थांबणं मिळून 0.2 सेकंद लागत असतील आणि पडदा 14 मिलिमीटरची वस्तू ओळखणारा असेल, तर अंतर 400 मिलिमीटर येतं. ब्रेक झिजून तोच वेळ 0.24 सेकंद झाला की 480 लागतात, आणि पडदा मात्र जुन्या जागीच असतो. प्रकाशपडद्याच्या प्रेसवर ब्रेकची नियमित मोजणी टाळता येत नाही ती यामुळेच.

आणखी दोन गोष्टी इथेच बघा. पडद्याच्या वरून, खालून किंवा बाजूने हात जातो का? आणि पडदा ओलांडून माणूस मशीन व पडदा यांच्यामध्ये उभा राहू शकतो का? तो तिथे उभा असताना बाहेरून कुणी रीसेट दाबलं तर पडद्याला काहीच कळत नाही. पूर्ण फेरी घेतल्याशिवाय न थांबणाऱ्या क्लचच्या जुन्या पॉवर प्रेसवर तर प्रकाशपडदा लावून उपयोगच नाही, कारण निघालेला रॅम (प्रेसचा खाली येणारा भाग) मधे थांबतच नाही. तिथे बंदिस्त डाय किंवा बॅरियर गार्ड लागतं.

इंटरलॉक, इमर्जन्सी स्टॉप आणि वीज परत येणं

या तपासण्या माल न घालता करा. मशीनजवळ कुणी नाही याची खात्री करा आणि मशीन ऑपरेटरलाच चालवू द्या.

प्रत्येक दार एकेक करून उघडा. चार दारं असतील तर चारही. मशीन थांबलं पाहिजे, आणि दार पुन्हा लावल्यावर आपोआप सुरू होता कामा नये. लिमिट स्विचवर टेप, बांधलेली तार, दारावरून वेगळी काढून स्विचमध्ये खुपसलेली किल्ली, सेन्सरवर चिकटवलेलं चुंबक, हे टॉर्च मारून शोधा. सापडलं की लगेच काढायला लावा. पण तिथेच थांबू नका. दार उघडं ठेवून मशीन चालवण्याची गरज कशामुळे पडली, हे लिहून घ्या. सेटिंग करताना आतलं बघावं लागत असेल, तर कमी वेगाची, बटण धरलं तेवढाच वेळ चालणारी पद्धत द्यावी लागेल. ती दिली नाही, तर पुढच्या आठवड्यात चुंबक परत येईल.

इमर्जन्सी स्टॉप पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल असावा, दाबल्यावर तिथेच अडकून राहावा आणि उभ्या जागेपासून 0.6 ते 1.7 मीटर उंचीवर असावा. प्रत्येक बटण दाबून बघा. बटण सोडल्यावर मशीन सुरू झालं तर वायरिंग चुकीचं आहे. हवेवर चालणाऱ्या क्लॅम्पचं काय होतं तेही बघा. हवा तुटताच जड जॉब सुटून खाली येत असेल, तर इमर्जन्सी स्टॉपच नवा धोका निर्माण करतो.

नंतर मशीन चालू असताना मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. मशीन शांत राहिलं पाहिजे. साध्या फिरत्या स्विचची ड्रिल मशीन आणि कटर इथे हमखास नापास होतात: वीज जाते, ऑपरेटर ड्रिल बदलायला घेतो, वीज येते आणि चक फिरायला लागतो. यावर उपाय सोपा आहे. वीज गेल्यावर आपोआप सुटणारा स्टार्टर बसवायचा.

दोन्ही हातांनी चालवायच्या मशीनवर एक बटण आधी दाबून ठेवा आणि काही सेकंदांनी दुसरं दाबा. मशीन सुरू झालं तर एक बटण काठीनं अडकवून दुसरा हात आत घालता येतो. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक मिळायला हवा, आणि एक सुटलं की रॅम थांबायला हवा.

आत हात घालण्याआधी ऊर्जा तोडता येते का

इमर्जन्सी स्टॉप फक्त कंट्रोल तोडतो, म्हणून दुरुस्तीसाठी तो पुरेसा नाही. दुरुस्ती करणाऱ्याला विचारू नका, त्याच्याकडून हे प्रत्यक्ष करून घ्या:

1. मशीन नेहमीच्या पद्धतीने थांबवणं.
2. वीज, हवा, हायड्रॉलिक, वाफ या सगळ्यांचे आयसोलेटर (पुरवठा पूर्ण तोडणारे स्विच किंवा व्हॉल्व्ह) बंद करणं. एका मशीनला दोन ठिकाणांहून वीज येत असू शकते. हे वायरिंगच्या नकाशावरून ताडून बघा.
3. प्रत्येक आयसोलेटरला काम करणाऱ्याने स्वतःचं कुलूप लावणं आणि किल्ली स्वतःकडे ठेवणं. तिघं काम करत असतील तर कुलपं तीन.
4. साठलेली ऊर्जा काढणं किंवा अडवणं.
5. स्टार्ट दाबून बघणं, आणि मीटर आधी चालू वीजेवर, मग बंद केलेल्या जागी, पुन्हा चालू वीजेवर लावून वीज नसल्याची खात्री करणं.

चौथ्या पायरीत सर्वाधिक गफलती होतात. वर थांबलेला रॅम तेलाच्या दाबावर टेकलेला असतो. होज फुटली किंवा नट सैल केला की तो खाली येतो, म्हणून त्याखाली त्याचं वजन पेलणारा ब्लॉक हवा. हवेचा व्हॉल्व्ह बंद केला तरी सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली राहते. हायड्रॉलिक अॅक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारं भांडं) पंप बंद असतानाही दाब धरून ठेवतो. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचे कपॅसिटर वीज तोडल्यानंतरही काही मिनिटं भारलेले असतात. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबून व्होल्टेज मोजायचं. हायड्रॉलिक गळती हाताने चाचपून शोधायची नाही. सुईएवढ्या छिद्रातून येणारं तेल कातडीत घुसतं, जखम टिपक्याएवढी दिसते, पण ती तातडीने शस्त्रक्रियेची बाब असते. गळती शोधायला दूरून धरलेला पुठ्ठा वापरावा.

आयसोलेटर मशीनपासून दूर, दुसऱ्या खोलीत असेल तर नोंद करा. जिथे कुलूप लावायला पाच मिनिटं चालावं लागतं, तिथे कुलूप लागत नाही.

एक मशीन जवळून: बेंच ग्राइंडर

200 मिलिमीटरचं चाक मिनिटाला 2880 फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 30 मीटर, म्हणजे ताशी 108 किलोमीटर असतो. आधी चाकावर छापलेला कमाल वेग आणि मोटरच्या नेमप्लेटवरचा वेग पडताळून बघा. मोटरचा वेग जास्त असेल तर चाक लगेच काढायचं.

टूल रेस्ट (जॉब टेकवायचा आधार) आणि चाक यांतली फट 3 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, गार्डच्या वरच्या, सरकवता येणाऱ्या जिभेची फट 6 पेक्षा जास्त नको. चाक झिजतं तशी फट वाढत जाते, आणि मोठ्या फटीत छोटा जॉब खाली खेचला जातो. तो अडकला की चाक फुटतं किंवा बोटं त्याच्यामागून जातात. रेस्ट सरकवायची ती चाक पूर्ण थांबल्यावरच.

नवं चाक बसवण्याआधी ते कोरडं असताना टांगून, स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीसारख्या बिनधातूच्या वस्तूने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर चाकाला तडा असू शकतो. ते वापरायचं नाही. दोन्ही बाजूंचे फ्लँज (चाक दाबून धरणाऱ्या चकत्या) एकाच मापाचे हवेत आणि चाकालगतचा कागद जागेवर हवा. मग गार्ड लावून, बाजूला उभं राहून निदान एक मिनिट रिकामं चालवा. चाकावर अॅल्युमिनियमची चकाकी दिसत असेल, तर कुणीतरी मऊ धातू घासतंय. त्याने चाकाची छिद्रं बुजतात, चाक तापतं आणि फुटण्याची शक्यता वाढते.

जे दिसत नाही ते

हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर आवाज मोजा. आठ तासांसाठी 85 डेसिबल ही सर्वसाधारण मर्यादा धरतात. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला चार तास, 91 ला दोन. मोजमाप ऑपरेटरच्या कानाजवळ घ्या. बारीक धूळ अंधुक उजेडात समोरून टॉर्च मारल्यावर दिसते. लाकूड, पीठ किंवा अॅल्युमिनियमची धूळ असेल तर तुळयांवर साठलेला थरही बघा, कारण ती हवेत उडून पेटू शकते. कूलंटची वाफ, गरम पृष्ठभाग, सतत वाकावं लागणारी उंची आणि हातातल्या अवजारांची कंपनं हेही नोंदवा. कामानंतर बोटं पांढरी पडतात का, मुंग्या येतात का, हे त्या माणसालाच विचारा.

किती गंभीर, आणि काय करायचं

प्रत्येक धोक्यासाठी तीन गोष्टी ठरवा: इजा बरी होणारी की कायमची, माणूस तिथे किती वेळा व किती वेळ जातो, आणि धोका दिसल्यावर त्याला मागे हटता येतं का. 'इतक्या वर्षांत काही झालं नाही' हे उत्तर यांत धरायचं नाही. या गोष्टींना आकडे देऊन ते गुणण्याच्या पद्धतीत एक खोट आहे: क्वचित होणारी पण हात तोडणारी गोष्ट आणि रोज होणारं खरचटणं यांचा गुणाकार सारखा येऊ शकतो. कायमची इजा शक्य असेल तर गुण कितीही येवोत, ती वर घ्या.

उपाय ठरवताना क्रम पाळा. आधी हात आत जाण्याचं कारण काढता येतं का ते बघा: जॅम होणाऱ्या घसरणीचा कोन बदलणं, जॉब बाहेर फेकणारा इजेक्टर, लांब चिमटा. मग गार्ड आणि इंटरलॉक. पाटी, प्रशिक्षण, हातमोजे, गॉगल हे त्यानंतर, आणि वरच्या उपायांची जागा ते घेऊ शकत नाहीत. गार्ड बसल्यावर मशीन पुन्हा बघा. दाराची कड आणि फ्रेम यांत बोट सापडतं का, गार्ड उचलायला जड आहे का, मोटरची हवा कोंडते का?

नोंद अशी लिहा की मशीन न बघितलेल्यालाही ती कळेल. 'कन्व्हेयर 3, गार्ड नाही' हे पुरेसं नाही. 'कन्व्हेयर 3, शेपटाकडची पुली, डावी बाजू उघडी; सांडलेला माल काढताना प्रत्येक शिफ्टमध्ये दोन-तीनदा हात जवळ जातो; हात आत ओढला जाण्याचा धोका; तात्पुरता उपाय: मशीन बंद करून कुलूप लावूनच सफाई, आजपासून; कायमचा उपाय: स्थिर जाळी आणि माल सांडू नये म्हणून बाजूची पट्टी; जबाबदार व्यक्ती, तारीख.' सोबत फोटो आणि मोजमाप जोडा. अतिगंभीर धोका असेल तर कागद फिरेपर्यंत मशीन चालू ठेवायचं नाही.

तारीख उलटल्यावर स्वतः जाऊन बघा, आणि उपाय झाल्यावर ऑपरेटरला पुन्हा विचारा, 'जॉब अडकला तर आता काय करता, दाखवा.' मशीनची जागा बदलली, नवा माल किंवा नवी डाय आली, वेग वाढवला, कंट्रोलमध्ये फेरफार झाला, थोडक्यात वाचलेला प्रसंग घडला किंवा ते चालवणारा माणूस बदलला, की त्या मशीनची तपासणी नव्याने करा.